नवा फिश टँक: मासे आणण्याआधीचे पाच-सहा आठवडे

शनिवारी दुकानातून टँक, खडी, फिल्टर आणि पिशवीतले चार गोल्डफिश एकाच फेरीत घरी येतात. रविवारी पाणी आरशासारखं असतं. बुधवारी पहिला मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढू लागतो आणि पुढच्या रविवारपर्यंत टँक रिकामा होतो. मग दुकानदार निळ्या औषधाची बाटली देतो, सोबत नवे मासे देतो, आणि तोच आठवडा पुन्हा घडतो.

बहुतेक वेळा त्या माशांना रोग झालेलाच नसतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच तयार होतो. त्याने कल्ले भाजतात. जुन्या टँकमध्ये एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच असतं. नायट्रेट मात्र बरंच सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू विकत आणलेल्या कोऱ्या फिल्टरमध्ये नसतात, ते वाढवावे लागतात. त्यालाच टँक सायकल करणं म्हणतात. मासे न ठेवता, बाहेरून अमोनिया देऊन हे काम ४ ते ६ आठवड्यांत होतं.

खालचे सगळे हिशेब २४ × १२ × १५ इंची टँकचे आहेत. दुकानात तो ७० लिटरचा म्हणून मिळतो. खडी घातल्यावर आणि वर दीड इंच जागा सोडल्यावर त्यात प्रत्यक्ष पाणी बसतं सुमारे ५५ लिटर. औषध, सोडा, अमोनिया, सगळं या ५५ वर मोजायचं, ७० वर नाही. तुमचा टँक वेगळ्या मापाचा असेल तर भरताना बादल्या मोजा आणि तो आकडा टँकच्या मागच्या काचेवर चिकटवून ठेवा.

## १. खरेदी

काचेच्या गोल भांड्यात किंवा ५-१० लिटरच्या डब्यात सुरुवात करू नका. पाणी कमी असलं की चूक पचत नाही. ५०-६० लिटरचा टँक नवशिक्याला सोपा जातो, छोटा नाही.

आणायचं सामान:

- टँक आणि जाळीचं किंवा काचेचं झाकण
- ताशी ३०० ते ४०० लिटरचा हँग-ऑन (टँकच्या काठावर टांगायचा) फिल्टर, नाहीतर दोन स्पंजांचा स्पंज फिल्टर आणि एअर पंप
- एअर पंपाच्या नळीसाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह
- सिरॅमिक रिंग्ज, साधारण अर्धा किलो (हँग-ऑन फिल्टर असेल तर)
- बारीक नैसर्गिक खडी १२ किलो
- अँटिक्लोरिन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध)
- थर्मामीटर आणि ५० वॉटचा हीटर
- थेंबांचा टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, आणि वेगळा केएच (पाण्याची आम्ल पचवायची ताकद)
- फक्त टँकसाठी एक नवी बादली आणि सायफनची नळी

टेस्ट किट महाग वाटतो म्हणून लोक तोच वगळतात आणि तेवढेच पैसे रंगीत दिव्यावर आणि बुडबुडे सोडणाऱ्या पाणबुड्यावर घालतात. किटशिवाय पुढचा एकही टप्पा करता येणार नाही. कागदी पट्ट्या घेणार असाल तर डब्यावर वाचा, पुष्कळ पट्ट्यांत अमोनियाचा चौकोनच नसतो. घरात आरओ आहे म्हणून टीडीएस पेन (पाण्यातले एकूण क्षार मोजणारा) असेल, तो इथे उपयोगाचा नाही. टीडीएस १५० दाखवणाऱ्या पाण्यात अमोनिया शून्य असू शकतो आणि ४ पीपीएमही (म्हणजे लिटरमागे ४ मिलिग्रॅम) असू शकतो.

दुकानातच ठेवायच्या वस्तू: रंग दिलेली खडी, निळं-पिवळं औषध, आणि मासे. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते जे जिवाणू आपण सहा आठवडे वाढवणार आहोत त्यांनाच मारतं.

खडीची परीक्षा घरी करा. मूठभर खडी वाटीत घ्या, वर व्हिनेगर ओता. बुडबुडे सुटले तर त्यात चुनखडी किंवा संगमरवर आहे आणि ती पाण्याचा पीएच सतत वर ढकलत राहील. पांढरीशुभ्र, चकचकीत खडी बहुतेकदा इथेच नापास होते.

## २. जागा, वजन, गळती

५५ लिटर पाणी, १२ किलो खडी, ११ किलो काच, वर लाकूड-दगड. म्हणजे ८० ते ८५ किलो. एक धडधाकट माणूस टीव्हीच्या कपाटावर कायमचा बसवल्यासारखं. पार्टिकल बोर्डची फळी पाणी लागलं की फुगते आणि मग मधोमध खचते. लोखंडी अँगलचा स्टँड किंवा कडप्प्याचा ओटा चांगला. जागा भिंतीलगत, खिडकीच्या थेट उन्हापासून दूर. गॅलरीत नको: एप्रिल-मेमध्ये तिथलं पाणी पार तापतं.

स्टँड ठेवल्यावर लेव्हल बाटली लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे ठेवून बघा. फ्लॅटमधली फरशी गॅलरीच्या दाराकडे उतरती असू शकते. फरक असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली घाला, टँकखाली कधीच नाही. बिनचौकटीच्या काचेच्या टँकखाली १० ते १२ मिलिमीटरचा थर्माकोल पूर्ण तळाला पुरेल असा एकसंध पसरा. तळाला प्लॅस्टिकची चौकट असेल तर थर्माकोल नको, वजन चौकटीवरच पडायला हवं.

गळती तपासायला टँक आधी बाथरूमजवळ सपाट फरशीवर, थर्माकोलवर ठेवा, काठोकाठ भरा आणि सांध्यांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद सरकवा. २४ तासांनी कागद कोरडा हवा. मग टँक पूर्ण रिकामा करूनच उचला. थोडंसं पाणी असलेला टँक उचलला की तळाची काच तडकते.

विजेचं: प्रत्येक वायरला बोर्डाच्या खालपर्यंत झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. अर्थिंग चालू आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पाण्यात हात घालण्याआधी हीटरचा स्विच बंद.

## ३. तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं

इथे घाई करू नका. ठाणे आणि नवी मुंबईत टँकची सायकल अडण्याचं कारण बरेचदा इथेच सापडतं.

ठाण्यात महापालिकेचं पाणी भातसा-उल्हास खोऱ्यातलं, नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत मुख्यतः मोरबे धरणाचं. हे पावसाचं साठलेलं पाणी, म्हणजे सर्वसाधारणपणे मऊ: क्षार कमी, केएचही कमी. पण घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्यांत आणि नवी मुंबईच्या नव्या वसाहतींत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि टँकरमध्ये बोअरचं पाणी असू शकतं. ते जड, पीएच ८ च्या आसपास. सोसायटीच्या टाकीत दोन्ही मिसळतं. मार्चमधलं तुमचं पाणी आणि ऑगस्टमधलं तुमचं पाणी एकच असेल असं धरून चालू नका.

केएच म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. अमोनिया खाणारे जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात आणि ते आम्ल केएच खातं. १ पीपीएम अमोनिया पूर्ण पचला की सुमारे ०.३३ डिग्री केएच संपतो. तुमच्या पाण्याचा केएच ३ असेल आणि तुम्ही दर वेळी २ पीपीएम अमोनिया देत असाल तर चौथ्या-पाचव्या डोसपर्यंत केएच जवळजवळ शून्य होतो. मग पीएच घसरतो, ६.५ च्या खाली जिवाणू मंदावतात, ६ च्या आसपास जवळपास थांबतात. पाणी नितळ, फिल्टर चालू, आणि अमोनिया महिनाभर एकाच आकड्यावर.

म्हणून पाणी भरायच्या आधी नळाच्या पाण्याचा पीएच आणि केएच मोजा. नळाखाली लगेच घेतलेला पीएच फसवतो. पेलाभर पाणी २४ तास उघडं ठेवून मग मोजा.

- केएच ४ किंवा जास्त: काही करू नका.
- केएच ४ पेक्षा कमी: खायचा सोडा. एक सपाट छोटा चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, आणि तेवढ्याने ५५ लिटरचा केएच जवळजवळ ३ ने वाढतो. पेलाभर पाण्यात विरघळवून घाला.

बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्ल आणि स्टार्चही असतो.

आरओचं पाणी भरू नका, त्यात केएच जवळपास नसतोच. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणीही नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

क्लोरीनबद्दल. वासावरून ठरवू नका. ग्रामपंचायतीत पाणी तपासायला वापरतात त्या ऑर्थोटोलिडिनचे काही थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. साधा क्लोरीन बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवला तर उडून जातो. पाणी साठवायला जागा नसेल तर अँटिक्लोरिन बाटलीवरच्या प्रमाणात घाला आणि मिनिटभर ढवळा. फिल्टर चालू असलेल्या टँकमध्ये नळाचं पाणी सरळ सोडून मागून अँटिक्लोरिन घालायची सवय चुकीची, तेवढ्यात क्लोरीन स्पंजमधून एक फेरी मारून येतो.

लक्षात ठेवा: सोसायटीची टाकी धुतल्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी टँकसाठी पाणी घेऊ नका. टाकीत ब्लीचिंग पावडर असते. पाणीकपातीनंतर नळाला आलेलं पहिलं गढूळ पाणीही सोडून द्या. पावसाळ्यात क्लोरीनचं प्रमाण वाढलेलं असू शकतं, तेव्हा थेंबांची परीक्षा दर वेळी.

## ४. भरण्याचा क्रम

१. खडी बाथरूममध्ये बादलीत धुवा, एका वेळी तीन किलोपेक्षा जास्त नाही. हात तळापर्यंत घालून ढवळा, पाणी ओता. पहिलं पाणी पातळ ताकासारखं निघेल. सात-आठ वेळा धुतल्यावर बादलीचा तळ दिसू लागतो, तिथे थांबा. साबण नाही, डिटर्जंट नाही, आधी कपड्यांना वापरलेली बादलीही नाही.

२. पुढे दीड इंच, मागे दोन इंच अशी खडी पसरा. दगड ठेवायचे तर आधी तळाच्या काचेवर थर्माकोलचा पातळ तुकडा, त्यावर दगड, आणि मग भोवती खडी. खडीवर टेकवलेला दगड नंतर सरकतो.

३. खडीवर जेवणाचं ताट ठेवा आणि ताटावर पाणी ओता. ताटाशिवाय ओतलं की खडी उकरली जाते आणि पाणी गढूळतं.

४. अर्धा टँक भरल्यावर झाडं लावा. जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियस यांचं जाडं खोड खडीत पुरू नका, कुजतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा.

५. पूर्ण भरा, बादल्या मोजा, अँटिक्लोरिन घाला, मग फिल्टर सुरू करा. हँग-ऑन फिल्टरच्या डब्यात आधी पाणी भरून मगच स्विच लावा, कोरडा पंप जळतो. पाणी आत येतं तिथे स्पंज आणि त्यापुढे सिरॅमिक रिंग्ज. फिल्टरसोबत कोळशाची पिशवी आली असेल तर काढून टाका, आत्ता तिचं काही काम नाही.

६. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली की टँकचं पाणी नळीतून उलटं येतं आणि पंपात, तिथून बोर्डावर जातं.

ड्रिफ्टवुड असेल तर ते आठवडाभर बादलीत भिजू द्या. पाणी चहासारखं होईल, तो लाकडाचा रंग आहे, विष नव्हे.

तपासा: २४ तास सगळं चालू ठेवा. तापमान बघा. सायकलसाठी २८ ते ३० अंश उत्तम, म्हणजे मार्च ते ऑक्टोबर इथे हीटरची गरज पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री पाणी २२-२३ पर्यंत उतरू शकतं, तेव्हा हीटर २८ वर लावा. दिवा बंदच ठेवा. झाडं असतील तर दिवसाला सहा तास, जास्त नाही.

## ५. अमोनियाचा पहिला डोस

सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे अमोनियम क्लोराइड. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात छोटी बाटली मिळते. हाच पदार्थ कल्हईवाल्यांकडे नवसागर म्हणून असतो, पण त्या नवसागरात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून तो नको. लादी पुसायचं अमोनियाचं द्रावणही नको, त्यात सुगंध आणि फेस करणारं काहीतरी असतं.

घरचं द्रावण असं करा: १६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर मोजा, ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. याचा १ मिलिलिटर १० लिटर पाण्यात गेला की अमोनिया १ पीपीएमने वाढतो. आपल्या ५५ लिटरला २ पीपीएम हवा, म्हणजे ११ मिलिलिटर. औषधाच्या सिरिंजने मोजा.

घालून तासाभराने तपासणी करा. अमोनियाच्या नळीत थेंब टाकून झाकण लावा, हलवा आणि किटवर लिहिलेली मिनिटं पूर्ण मोजा. नळी पांढऱ्या कागदावर धरा आणि दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि पोपटी यांतला फरक कळत नाही, आणि शून्य व अर्धा पीपीएम यांत तेवढाच फरक असतो. आकडा २ च्या जवळ आला की वहीत तारीख आणि चारही आकडे लिहा.

माशांचं खाणं टाकूनही अमोनिया बनवता येतो. रोज चिमूटभर. पण ते कुजायला वेळ घेतं, किती अमोनिया होतोय ते मोजता येत नाही आणि खडीवर बुरशीचे पांढरे पुंजके येतात. रसायन मिळालंच नाही तर हा मार्ग. कोळंबीचा तुकडा जाळीत टांगण्याचा उपायही चालतो, फक्त घरातल्यांना वासाची आधी कल्पना द्या.

सायकल लवकर आटपायची असेल तर ओळखीच्या माणसाच्या सहा महिने चाललेल्या, रोग नसलेल्या टँकमधला मळका स्पंज किंवा मूठभर रिंग्ज आणा. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून पिशवीत आणायच्या, वाटेत वाळू द्यायच्या नाहीत आणि घरी आल्याबरोबर फिल्टरमध्ये घालायच्या. एक ते दोन आठवड्यांत काम होऊ शकतं. नुसतं जुन्या टँकचं पाणी आणून फायदा नाही. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. बाटलीतले जिवाणू वापरायला हरकत नाही, पण "आज टाका, उद्या मासे सोडा" हे लेबल वाचून किट कपाटात ठेवू नका.

## ६. आठवड्यागणिक काय दिसायला हवं

पहिला आठवडा. अमोनिया २ वरच राहतो. काही होत नाहीये असं वाटून पुन्हा डोस देऊ नका. तिसऱ्या ते सातव्या दिवशी पाणी दुधाळ होऊ शकतं. ते वेगळ्या, झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंचं काम, आपोआप निवळतं. पाणी बदलू नका, फिल्टर धुऊ नका.

दुसरा आठवडा. अमोनिया खाली यायला लागतो आणि नायट्राइटची नळी पहिल्यांदा जांभळी होते. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा २ पर्यंत न्या. एका दिवसाआड अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासा. नायट्रेट आठवड्यातून एकदा पुरे.

तिसरा-चौथा आठवडा. इथेच लोक हार मानतात. अमोनिया दिवसभरात पचतो, पण नायट्राइट चढतच राहतं आणि नळी गडद जांभळी होऊन तिथेच अडते. किटचा रंग ५ पीपीएमला संपतो, पुढे ५ आहे की २० ते दिसत नाही. खरा आकडा काढायचा तर टँकचं १ माप पाणी आणि आरओचं ४ माप पाणी मिसळून तपासा आणि उत्तराला ५ ने गुणा. ५ च्या वर निघालं तर अर्धं पाणी बदला. चिकटलेले जिवाणू त्याने वाहून जात नाहीत. या काळात डोस अर्धा करा: दर तिसऱ्या दिवशी १ पीपीएम, म्हणजे साडेपाच मिलिलिटर.

पाचवा-सहावा आठवडा. नायट्राइट हळूहळू उतरत नाही, दोन-तीन दिवसांत एकदम कोसळतं. नायट्रेट वर जातं. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीतली पूड तळाशी बसलेली असते. ती बाटली अर्धा मिनिट जोरात आपटून हलवली नाही तर नायट्रेट शून्य येतं आणि सायकल झालीच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

खडीवर-काचेवर तपकिरी साय आली तर ती बोटाने पुसली जाणारी शेवाळं असतात. नव्या टँकमध्ये येतातच.

## ७. सायकल अडली तर

दहा दिवस आकडे हलले नाहीत तर या क्रमाने बघा.

पीएच आधी. ६.५ च्या खाली असेल तर केएच संपलाय. टँकमध्ये मासे नाहीत, तेव्हा एक सपाट छोटा चमचा सोडा विरघळवून घाला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही मोजा.

मग अमोनिया. ५ च्या पुढे गेला असेल तर डोस चुकलाय. अर्धं पाणी बदला.

मग वीज. फिल्टर किती तास बंद होता? स्पंजमधल्या पाण्यातला ऑक्सिजन दोन-तीन तासांत संपत जातो आणि जिवाणू मरू लागतात. आधी जाहीर केलेलं दिवसभराचं देखभालीचं शटडाउन असेल तर स्पंज आणि रिंग्ज फिल्टरमधून काढून टँकमध्येच मोकळ्या पाण्यात सोडा आणि बॅटरीवरचा एअर पंप लावा. रात्री झोपताना आवाज येतो म्हणून फिल्टर बंद करणं हेही शटडाउनच, आणि ते रोज.

शेवटी फिल्टरचा स्पंज. तो कुणी नळाखाली धुतला का, विचारा. घर आवरताना हे हमखास होतं. स्पंज फक्त टँकमधून काढलेल्या पाण्यात, बादलीत दोन-तीनदा दाबायचा, तोही प्रवाह मंदावला तरच. महिन्याला नवा स्पंज बसवा असं पाकिटावर लिहिलेलं असतं. तसं केलंत तर दर महिन्याला सायकल पहिल्यापासून.

## ८. शेवटची परीक्षा, मग मासे

रात्री ९ वाजता २ पीपीएम अमोनिया द्या. दुसऱ्या दिवशी रात्री ९ वाजता अमोनिया ० आणि नायट्राइट ०, आणि हेच लागोपाठ दोन दिवस. असं झालं तर टँक तयार. एक जरी आकडा उरला तरी आणखी आठवडा. दिवस किती झाले ते मोजायचं नाही.

मासे आणायच्या आदल्या दिवशी ८० ते ९० टक्के पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट २० च्या खाली येईल. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि साधारण त्याच तापमानाचं. या बदलानंतर पीएच पुन्हा मोजा. बदलापासून दोन-तीन दिवस मासे आणणार नसाल तर १ पीपीएम अमोनिया देत राहा, जिवाणू उपाशी ठेवू नका.

५५ लिटरला पहिल्या फेरीत सहा झेब्रा डॅनिओ किंवा पाच नर गप्पी. दोन आठवड्यांनी, आकडे शून्यच असतील तर, सहा छोटे कोरिडोरास. गोल्डफिश नाहीत, ऑस्कर नाहीत, "टँकएवढाच वाढतो" म्हणून विकलेला शार्क तर नाहीच. मादी गप्पी घेतलीत तर दोन महिन्यांत मोजणी सोडून द्यावी लागेल.

मासे घरी आणताना पिशवीवर ऊन नको. दिवा बंद करून पिशवी १५ मिनिटं टँकवर तरंगू द्या. मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी पिशवीत, साधारण अर्धा-पाऊण तास. शेवटी मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत, टँकमध्ये नाही.

पहिल्या दिवशी खाणं नाही. नंतर दिवसातून एकदा, एका मिनिटात संपेल एवढं. घरात लहान मुलं असतील तर खाण्याचा डबा वरच्या फळीवर. एका दिवशी तिघांनी तीनदा भरवलं की चांगली सायकल झालेला टँकही कोलमडतो. पहिले दोन आठवडे एका दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासा, नंतर आठवड्यातून एकदा. दर आठवड्याला २५ टक्के, म्हणजे साधारण १४ लिटर पाणी बदला: बादलीभरापेक्षा कमीच.

पावसाळ्यातली गोष्ट: सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी होते तेव्हा एअर पंप ती हवा सरळ पाण्यात ढकलतो. खिडक्या लावा, टँक ओल्या टॉवेलने झाका, धूर ओसरेपर्यंत एअर पंप बंद ठेवा. हँग-ऑन चालू राहू द्या. घरात झुरळांचा स्प्रे मारतानाही हेच.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ च्या वर गेलं तर झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. दोनेक अंश उतरतं, मात्र आपल्याकडच्या दमट हवेत त्याहून फारशी अपेक्षा नको. बर्फ टाकू नका.

## ९. मासे आधीच आणले असतील तर

मग सायकल माशांसोबतच करावी लागेल. रोज तपासणी. अमोनिया आणि नायट्राइट यांची बेरीज ०.५ च्या वर गेली की त्याच दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदला. पहिले दोन-तीन आठवडे हे जवळजवळ रोज करावं लागू शकतं. खाणं एका दिवसाआड, चिमटीच्या निम्मं. फिल्टरला हात नाही. मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडा, पानं मात्र वर, तीही थोडा अमोनिया ओढतात. नायट्राइट दिसू लागलं तर आयोडीन नसलेलं जाडं मीठ लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ५५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून दोन हप्त्यांत. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाण्याला अडवतं. पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्यापुरतंच मीठ परत घाला.

सोड्याबाबत इथे नियम उलटा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच माशांना मारतं. २८ अंशांना पीएच ७ असताना या विषारी रूपाचा वाटा एक टक्क्याहून कमी असतो, पीएच ८ ला तोच सहा-सात टक्के होतो. म्हणजे नळीचा रंग तोच, विष जवळजवळ दसपट. तेव्हा मासे आत आणि अमोनिया १ पीपीएम असताना पीएच वाढवायला सोडा घालू नका. टँकचा पीएच घसरून ६.४ वर आलेला असेल आणि नळाला त्या दिवशी टँकरचं ८ पीएचचं पाणी येत असेल, तर एकदम अर्धं पाणी बदलणंही तितकंच घातक. १० टक्के बदला, तीन-चार तास थांबा, मासे बघा, पुन्हा १० टक्के.